भाकरीचं तिकीट

शुक्रवार, २ जानेवारी

ठरलं! मेळावा होणार, आणि आमच्या नेकनूरलाच होणार! रविवार, २५ जानेवारी, स्टँडमागचं मंगल कार्यालय. त्या दिवशी तिथं एकही लग्न नाही, म्हणून मालक निम्म्या भाड्यात द्यायला तयार झाला. आनंदाच्या भरात मी त्याचा हात इतका वेळ धरून ठेवला की शेवटी त्यानंच सोडवून घेतला.

एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. मग इथल्या दवाखान्यातल्या योगिता सिस्टरनं मोबाईलवर ते कराओके दाखवलं. मागचं संगीत मोबाईल वाजवतो, आपण फक्त गायचं. आयुष्यभर 'पुढं सरका, पुढं सरका' ओरडून तापलेला गळा असा कामी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आज आमच्या 'बालाघाट हौशी गायन मंडळा'त बीड, केज, धारूर धरून चाळीसेक माणसं आहेत. रोज ग्रुपवर गाणी टाकतात. आवाज सगळ्यांचे ओळखतो, तोंडं निम्म्यांची पाहिलेली नाहीत. मी अध्यक्ष, योगिता खजिनदार. बाईमाणूस म्हणावं तर ती एकटीच.

माझा जोडीदार तात्याबा. शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी गाडीवर गेलो, तो मेंढरांमागं. त्याचा आवाज असा की माळावर गायला लागला तर मेंढरं चरायची थांबतात, असं तोच सांगतो.

बायकोला, छबूला, बातमी सांगितली. मेथी निवडत होती. म्हणाली, "किती मान्सं?" म्हटलं, साठ धर. थोड्या वेळानं म्हणाली, "अन बायांना गायाचं किती पैसं?" योगिताची काळजी वाटत असावी बिचारीला. म्हटलं, बघू.

सोमवार, ५ जानेवारी

दोन दिवस खपून शुल्काचा तक्ता केला. एकदम शास्त्रशुद्ध! टप्प्याटप्प्यानं दर. नेकनूरकराला सगळ्यात कमी, बीडवाल्याला त्याहून जास्त, केजवाल्याला आणखी जास्त, आणि धारूरवाल्याला सगळ्यात जास्त. मोठ्या अभिमानानं ग्रुपवर टाकला आणि चहा प्यायला बसलो.

चहा निवायच्या आत धारूरच्या लखनचा आवाजी निरोप आला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही. "काका, आमी गाडीभाडं भरून, कंबर मोडून येनार, अन वरून आमालाच जास्त पैसं? कावून? गानं काय टायरवर चालतं का?"

त्याच्यामागून चाळीस निरोप. काही हसणारे, काही शिव्या आवरलेले. योगिताचा फोन आला. "काका, लांबून येणाऱ्याला उलट सूट द्यायची असते."

खरं आहे. पण लांब गेला की भाडं वाढतं हे माझ्या हाडात मुरलंय, त्याला मी तरी काय करू? तक्ता खोडला.

मंगळवार, ६ जानेवारी

आता सरळ हिशेब. प्रवेश पन्नास, त्यात हॉल आणि स्पीकर. जेवण शंभर. बायकांना निम्मं, एस.टी.सारखंच. पंच्याहत्तरच्या पुढं फुकट, तेही एस.टी.सारखंच. प्रत्येकाला दोन गाणी, एकही जास्त नाही.

प्रवेशावर कुणी चकार शब्द काढला नाही. पण जेवणाच्या शंभरावर पेटलं. केजचे एक गुरुजी म्हणाले, गाण्याचे पैसे घ्या, हॉलचे घ्या, पण दारी आलेल्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेणं आपल्या भागात शोभत नाही. दुसरा म्हणाला, पाहुण्याला ताटाचा भाव सांगायला आपण काय खानावळ काढलीय? मला लाज वाटली. आणि रागही आला, कारण साठ ताटं आभाळातून पडत नाहीत.

संध्याकाळी शंभराचे ऐंशी करता येतात का म्हणून पुन्हा खर्च मांडला. डाळ, तेल, वांगी, पीठ, गॅस. छबू मागून बघत होती. "यात आचारी कुठं हाय?" मी म्हणालो, "आचारी कशाला? तू आहेस की!" आपल्या घरच्या माणसाचा एवढा आधार आहे हे तिलाही ऐकून बरं वाटलं असेल. मनगटाला तेल चोळत बसली. थंडीत तिचं मनगट दुखतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज विजयसिंहदादांनी वाड्यावर बोलावलं. शंभर एकरांचे धनी, दोनदा सभापती, आणि आमच्या मंडळाचे सभासद. गळा बरा आहे, फक्त एकदा हातात आलेला माईक ते सुटू देत नाहीत. गेल्या गणपतीत त्यांच्या गाण्यांमुळे आरती इतकी लांबली की लोक प्रसाद न घेताच घरी गेले.

"सुंदरराव, जेवणाचं टेन्शन घ्यायचं नाई," दादा म्हणाले. "सगळी पंगत आपल्याकडून. गोड काय करायचं तेवढं सांगा. अन मोठा फलक मी करून देतो. तुमचाबी फोटू टाकू."

मी खोटं लिहिणार नाही. फोटो म्हटल्यावर मन पाघळलं. बाहेर आलो तो तात्याबा मेंढरं घेऊन रस्त्यानं जात होता. त्याला सांगितलं. तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मग ती दादाची सभा झाली की बे. त्याचं जेवल्यावर त्याला तिसऱ्या गान्याला बस म्हननार कोन? तू?"

मी तसाच परत गेलो. दादांना म्हणालो, "दादा, तुम्ही आलात तर आमची शोभा. पण जेवण मंडळाचं, आणि गाणी सगळ्यांना दोनच."

"मी जेवन देतो म्हनलो तरी दोनच?"

"दोनच."

दादा म्हणाले, "चहा घ्या." पंगतीचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. घरी आल्यावर सगळा आव गळाला. आता जेवण कुठून आणणार?

सोमवार, १२ जानेवारी

एक चांगलं काम केलं आणि अंगाशी आलं.

तात्याबाला दीडशे जड जातील म्हणून मी आपणहून ग्रुपवर टाकलं, 'आमचे मित्र तात्याबा यांना प्रवेश व भोजन मोफत.' खाली दोन हात जोडले, एक फूलही टाकलं. पाच मिनिटांत निरोप आला, तात्याबा मंडळातून बाहेर पडले. फोन उचलत नाही. माझं दोन आवाजांचं गाणं त्याच्याबरोबर बसवलेलं आहे. फुकट दिलं तरी रुसतो, असा माणूस आजपर्यंत पाहिला नव्हता.

छबू म्हणाली, "चारचौघात कशाला सांगाया गेलता?" म्हटलं, चांगली गोष्ट लपवायची कशाला? तिनं कपाळाला हात लावला.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन सायकलवर तात्याबाच्या वस्तीवर गेलतो. त्यानं तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, पण गोड बोलायचं काही नाव घेईना.

"काय चुकलं माझं?" मी विचारलं.

"सुंद्या, तुझ्या गाडीत जल्मभर चढलो. बाजाराला गेलो, पोरीच्या सोयरिकीला गेलो, दवाखान्यात गेलो. एकदा तरी बिनातिकिटाचा घावलो का?"

"न्हाई."

"मग आता म्हातारपनी कावून फुकट बसवतो बे?"

खरंच, एकदाही नाही. गाडीत कितीही गर्दी असो, हा दाटीतून हात लांब करून पैसे पुढं करायचा.

त्याची बायको दगडाबाई चुलीपुढं होती. तिनं मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. तिळाची भाकरी, वर लोण्याचा गोळा. खाता खाता तीच बोलली. "भाऊजी, एवढं काय कोडं पडलंय? सप्त्याला काय करता तुमी? घरटी भाकरी गोळा व्हती, आमटी तेवढी एका कढईत. तवा कुनी कुनाला भाव इचारतो व्हय?"

घास हातातच राहिला! आमच्या गावात सप्ताहाला हजारभर माणूस जेवतं ते असंच. भाकरी घराघरांतून, आमटी मंदिरापुढच्या कढईत. दादांच्या घरची भाकरी आणि तात्याबाच्या घरची भाकरी एकाच टोपलीत पडते. कोण फुकट, कोण विकत, प्रश्नच नाही. मी एस.टी.त उत्तर शोधत होतो आणि ते टोपलीत होतं.

तात्याबाला मिठी मारली. त्याच्या घोंगडीचा वास अजून शर्टाला आहे. सायकलवर गात गात आलो, समोरून ट्रॅक्टर आला तरी गाणं सोडलं नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

सकाळीच जाहीर केलं. जेवणाचं शुल्क दहा भाकरी, बास! येणाऱ्या प्रत्येक गायकानं घरून दहा भाकरी आणायच्या. आमटी आणि वांग्याची भाजी मंडळाकडून. प्रवेश सगळ्यांना सारखा, साठ रुपये. त्यात हॉल, स्पीकर, डाळ, सगळं बसतं. सूट नाही, सवलत नाही, टप्पा नाही!

काय सांगू! केजच्या गुरुजींनी टाळ्यांची रांग लावली. लखन म्हणाला, "आता कसं मान्सावानी बोललात!" दुपारी तात्याबा परत मंडळात. त्याचा आवाजी निरोप, "धा भाकरी माज्या. दगडीच्या हातच्या." मागं मेंढरं ओरडत होती. मी तो तीन वेळा ऐकला.

छबूला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल, साठ माणसांचा स्वयंपाक टळला. तिनं परात खाली ठेवली. "चाळीस गाननारं, चारशे भाकरी. कोन थापनार?"

"ज्याच्या त्याच्या घरी थापतील."

"घर थापतं व्हय? बाया थापत्यात. म्हंजे शुल्क बायांनी भरायचं, गानी बाप्यांनी म्हनायची, अन बाया घरीच."

"तसं कुठं म्हटलंय?"

"तसंच म्हटलंय. पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी हसण्यावारी नेत योगिताला सांगितलं. योगिता हसली नाही. "काकू बरोबर बोलतायत," म्हणाली, आणि मला न विचारता ग्रुपवर टाकून मोकळी झाली, 'दहा भाकरी म्हणजे एक तिकीट. ज्या हातांनी भाकरी थापल्या, त्या माणसाला आत खुर्ची. पाठवणाऱ्याला नाही, थापणाऱ्याला.'

अध्यक्ष मी आहे की नाही?

सोमवार, १९ जानेवारी

फोनवर फोन. एकाच्या घरी दोन सुना आणि सासू, तिघींनी मिळून दहा थापल्या तर खुर्च्या किती? गुरुजी विचारतात, बायको आली तर घर कोण बघणार? मी म्हटलं, तुमची गाणी ऐकून परत जाईल. ते म्हणाले, तीच भीती आहे.

दादांचाही फोन आला. "सुंदरराव, आमच्याकडं भाकरी कडूबाई करते. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नापासनं परातीला हात लावल्याला न्हाई. मग खुर्ची कुनाला?"

मी म्हटलं, "नियमानं कडूबाईला, दादा."

त्यांनी फोन ठेवला. आता दादा येत नाहीत, हे नक्की.

शनिवार, २४ जानेवारी

उद्या! खुर्च्या आल्या, स्पीकर आला. लखन आदल्या दिवशीच येऊन तारा जोडतोय.

छबूला सहज म्हणालो, सकाळी लवकर आमटीला लाग. ती म्हणाली, "मी भाकरी थापनार. माझं तिकीट झालं. आमटीचं तुमचं तुमी बघा." आयत्या वेळी असं! तात्याबा म्हणाला, "काळजी कशाला? मेंढरांमागं रानात आमाला कोन करून घालतं?" तर कढईवर तो आणि मी.

छबूनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून उशाखाली ठेवलंय. घड्या मोडतील, म्हटलं. ती म्हणाली, मोडू द्या.

रविवार, २५ जानेवारी

रात्र झालीय, पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

साठ माणसं धरली होती, आली शंभराच्या वर! दाराशी मी तिकिटं फाडायला उभा. जो तो गडी पुढं, मागं फडक्यात भाकरी घेतलेली बायको. धारूरची एक आजी भाकरीचं गाठोडं माझ्यापुढं आपटून म्हणाली, "मोज मास्तर, धा हायेत. अन मला म्होरं बसव, मला लांबचं दिसत न्हाई." मोजल्या. अकरा होत्या. म्हटलं, एक जास्त झाली. म्हणाली, "ती तुला."

साडेदहाला दादांची जीप आली. पुढच्या सीटवर कडूबाई! नवं नऊवारी, मांडीवर टोपली, नजर सरळ. मागं दादा, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती विजयमालाताई. ताईंच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. उघडलं. एकच भाकरी. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची, आकार कुठल्या तरी जिल्ह्याच्या नकाशासारखा.

"ही मी केली," त्या म्हणाल्या. "चार मोडल्या. एवढी एकच तगली. चालती का?"

नियमाला नऊ कमी. मी कडूबाईकडं बघितलं. कडूबाई म्हणाली, "घ्या मास्तर. पैली हाय." तिकीट फाडलं. आयुष्यात एवढ्या खुशीनं अपुऱ्या भाड्यात कुणाला चढवलं नव्हतं.

खुर्च्या पुरेनात. बायका बसल्या, गडी भिंतीला. नेहमी उलटं असतं. गुरुजींच्या पहिल्या गाण्याला त्यांच्याच बायकोनं सगळ्यात मोठ्यानं टाळी वाजवली. त्यांनी दुसरं गाणं डोळे पुसत म्हटलं.

दादांची दोन गाणी झाली. चांगली झाली. मग त्यांनी तिसरं लावायची खूण केली. लखन माझ्याकडं बघतोय, मी छताकडं. तेवढ्यात पुढच्या ओळीतून आवाज आला, "दादा, दोन झाली न्हवं?"

कडूबाई! विजयमालाताई आधी हसल्या, मग सगळेच हसले. शेवटी दादाही हसले आणि माईक देऊन टाकला. जन्मात पहिल्यांदा.

तात्याबाचं आणि माझं गाणं रंगलं असं सगळे म्हणतात. मी गाताना छबूकडं पाहिलं. दुसऱ्या ओळीत बसली होती, हिरव्या लुगड्यात. आमच्या प्रत्येक ओळीला तिचे ओठ हलत होते. सुपारी चघळत असावी.

पंगतीला वाढलं गड्यांनीच. आमटी तिखट झाली होती, पण कुणाला कळलं नाही, कारण टोपलीत चाळीस घरांच्या भाकरी होत्या आणि जो तो दुसऱ्याच्या घरची शोधत होता. दादांनी तात्याबाच्या घरची मागून घेतली. ताईंची भाकरी कडूबाईनं खाल्ली, करपलेल्या काठासकट.

हॉल आणि स्पीकरचे पैसे फिटले. कुणाचा एक रुपया वर नाही, कुणाचे उपकार नाहीत. मी खूप, खूप सुखी आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

ग्रुपवर पुढच्या मेळाव्याची घाई सुरू झाली. लखन म्हणतो धारूरला, किल्ल्याच्या पायथ्याशी, मार्चमध्ये. मी हो म्हटलं. नियम तेच, साठ रुपये आणि दहा भाकरी.

जेवताना छबू म्हणाली, "धारूरला मी गानार हाय. नाव लिवा."

मला ठसका लागला. "तू? काय गाणार?"

"तुमचं अन तात्याबाचं जे हाय ते. मला समदं येतं. वरसभर तुमी या घरात तेच वराडताय."

मी म्हटलं, बरं, लिहितो. मग ती पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "गाननाऱ्यानं घरून धा भाकरी आनायच्या, थापनाऱ्याला खुर्ची. मी तर गाननार. माझ्या वाटच्या कोन थापनार?"

घरात आम्ही दोघंच. मी इकडं तिकडं बघितलं, पण तिसरं कुणी सापडलं नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळपासून परातीपुढं बसलोय. पीठ गरम पाण्यात मळायचं, हे ठाऊक होतं. पाणी किती, हे नव्हतं. पहिली परातीतच फाटली. दुसरी उचलताना मोडली. तिसरी तव्यावर पडली, पण निम्मी चुलीत. विजयमालाताईंची त्या मानानं फार देखणी होती. मनगटापासून कोपरापर्यंत पीठ, बोटाला चटका. हे छबू रोज दोन वेळा करते.

बाहेरच्या खोलीत छबूनं माझा मोबाईल लावलाय. आधी नुसतंच संगीत येत होतं. मग तिचा आवाज आला. मी आजवर तिला गाताना ऐकलं नव्हतं. ओव्या, आरत्या, पाळणे, ते सगळं ऐकलं, पण ते सगळ्या बायकांच्या आवाजात मिसळलेलं. हा एकटीचा आवाज होता. तात्याबापेक्षा चांगला आहे. माझ्यापेक्षा तर आहेच. मी पिठाच्या हातांनी तसाच दाराआड बसून सगळं गाणं ऐकलं. बिनातिकिटाचं.

तव्याचा वास तिकडं गेला असावा.

"आवं," ती गाणं थांबवून म्हणाली, "ऐकताय का थापताय?"

"थापतोय, थापतोय," मी ओरडलो आणि चौथा गोळा उचलला.